टॉर्विकच्या फाट्यावरचा दगड

दगड घेऊन गाडी आली, तेव्हा आर्डिस कॉफीचा थर्मास घेऊन फाट्यावर आधीच उभी होती. रेल्वेचे रूळ उखडले, शाळेला कुलूप लागलं, धान्याचं उंच कोठार पाडलं, की गाव सोडून गेलेली माणसं फाट्यावर गावाच्या नावाचा दगड उभारतात. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या माळावरची ही रीतच आहे. टॉर्विकच्या दगडासाठी धावपळ केली ती रेजायना शहरात राहणाऱ्या तिच्या मुलाने, लायलने. रविवारी अनावरण होतं, पण आर्डिसच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता. लायल फोनवर म्हणाला होता, "आई, येताना मोठा ट्रक आणतोय." एवढ्याशा कार्यक्रमाला मोठा ट्रक कशाला, हे काही त्याने सांगितलं नव्हतं.

दगड घडवणाऱ्या रस नावाच्या कारागिराने ताडपत्री ओढली. वर गावाचं नाव. खाली दोन सालं, एक गाव वसल्याचं आणि दुसरं गाव संपल्याचं. दुसरं साल यंदाचं होतं.

"हे चुकलंय रे," ती म्हणाली. "मी राहते की अजून इथे. रोज संध्याकाळी माझ्या घरात दिवा लागतो."

रस खाली बघत हातमोजे काढू लागला. "मी विचारलं होतं, काकू. म्हटलं, एक घर नांदतंय अजून. दुसरं साल मोकळं सोडू का?"

"मग?"

"लायल म्हणाला, कोरून टाक. रविवारी ते खरं होईल."