आत घेतलेली शिवण

इस्पितळासमोर मशीन मांडलं, तेव्हा शिंपीणबाईंकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. तिथं येऊन नवे कपडे कोण शिवणार?

मग त्यांनी एकच काम धरलं. आजारी माणसाच्या शर्टाची शिवण आत घ्यायची आणि तीही इतकी बेमालूम, की आपण वाळत चाललोय हे त्याचं त्याला कळू नये. नातेवाइकांची रीघच लागली.

"एवढा सफाईदार हात बसला तरी कुठे हो तुमचा?" एकीनं न राहवून विचारलं. शिंपीणबाईंनी दातानं दोरा तोडला आणि पुढचा शर्ट ओढला.

संध्याकाळी घरी पोचल्या, तर खाटेवरून नवरा खुशीत म्हणाला, "औषध लागू पडतंय गं! बघ ना, शर्ट अजून पहिल्यासारखाच बसतोय."