कमरेवरचा चिमटा

लालबागच्या चाळीत गणपतीपुढे घरच्यांचा फोटो निघताना रुचाची आई दरवर्षी मागून तिच्या कमरेला चिमटा काढायची आणि पुटपुटायची, "पोट आत घे गो!"

आई जाऊन तीन वर्षं झाली. यंदा रुचाने कमरेवरची चरबी काढून खोल गेलेल्या गालांत भरून घेतली.

"चरबी कुठेही नेली तरी स्वभाव जुन्याच जागेचा राहतो," डॉक्टर म्हणाले होते. "वजन वाढलं, तर पोटासारखे गालही सुटतील."

"म्हणजे तुझं पोट आता तोंडावर आलं," भाऊ विकास गंभीरपणे म्हणाला.

आरतीनंतर सगळे फोटोला उभे राहिले. रुचाच्या मागे आता नुसती भिंत होती. चिमट्याची जागाच आपण काढून टाकली, या विचाराने तिला भरून आलं.

तेवढ्यात कमरेवर ओळखीची दोन बोटं टेकली. सपाट कमरेवर ती इकडेतिकडे चाचपडत राहिली. मग पाठीवरून, मानेवरून हळूहळू वर चढली.

"रुचा, मान सरळ ठेव ना," मोबाइल धरलेला विकास ओरडला. "आणि तुझा गाल कोण ओढतंय?"