पट्टीखालची ओळ

"सर, पहिलं पान तुम्हीच वाचून दाखवा ना," असे म्हणून गरिमाने पिशवीतून काढलेले नवेकोरे पुस्तक श्रीपादरावांच्या हाती ठेवले. "मतलब, तुम्ही वाचता तेव्हा या सगळ्या कशा ऐकतात, ते बघायचंय मला."

श्रीपादरावांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिले. मुखपृष्ठावर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई नदी ओलांडत होती. हे पुस्तक त्यांच्या ओळखीचे नव्हते.

या हिंदी भाषिक शहरातल्या नया बाजारातील एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत मराठी घरांतल्या बायकांसाठी हा साक्षरता वर्ग भरत असे. सर शिकवत काहीच नाहीत, सगळे आमच्याकडूनच वाचून घेतात, अशी तक्रार संस्थेकडे गेली होती, म्हणून समन्वयक गरिमा आज तपासणीला आली होती. तक्रारीत तथ्य निघाले, तर श्रीपादरावांना शाल-श्रीफळ देऊन निरोप मिळणार आणि वर्ग दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार, हे तिने जिन्यातच आडवळणाने सांगून टाकले होते.

श्रीपादरावांची हयात पॉलिटेक्निकमध्ये यंत्रांचे आराखडे शिकवण्यात गेली होती. गेल्या हिवाळ्यातील आजारपणातून उठल्यावर त्यांनी हा वर्ग स्वतःहून मागून घेतला. विरंगुळा म्हणून घेतला असेल, असे घरच्यांनी गृहीत धरले. वर्ग हातातून सुटला तर आपले काय होईल, हे त्यांनी घरी कोणाला सांगितले नव्हते.

"मी वाचलं तर या ऐकतील, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "ऐकता त्यांना पहिल्यापासूनच येतं."

त्यांनी खिशातून जाड कागदाची पट्टी काढली आणि पहिल्या पानावरील मजकूर झाकला. त्याच बाईचे चित्र तेवढे उघडे राहिले. ही त्यांची नेहमीची रीत होती. आधी चित्रावरून गोष्ट रचायची, मग पट्टी सरकवायची आणि पुस्तकाशी भांडायचे.

"बोला, ही बाई कुठं निघाली?"

"सासरहून पळालीय," मंदाताई तात्काळ म्हणाल्या. "चेहरा बघा की तिचा. सासूनं पोळ्या मोजल्या असणार."

"तुझ्या सासूला मध्ये कशाला आणतेस?" शांताताई म्हणाल्या. हजिऱ्याच्या वस्तीतून टेम्पोने येणाऱ्या या बाई वर्गात सर्वांत मागे पडलेल्या होत्या. "बाजाराला निघालीय ती. टोपलीत मासे आहेत."

"झाकलेल्या टोपलीतले मासे तुला दिसले होय?"

सगळ्या हसल्या. गरिमाही हसली, पण तिची नजर श्रीपादरावांवरून हटली नाही. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. ड्रॉइंग बोर्डावर कमावलेले त्यांचे अक्षर अजूनही छापल्यासारखे येई. वळून त्यांनी विचारले, "काय लिहिलं मी?"

"टोपली," चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. श्रीपादरावांच्या खांद्यांवरील ताण किंचित सैल झाला.

त्यांनी पट्टी सरकवली आणि पुस्तक शांताताईंपुढे धरले. शांताताई अडखळत वाचू लागल्या. "बाई न-दी-त उत-रली. टोप-लीत मासे..." त्या थांबल्या.

गरिमाने पानाकडे पाहिले, मग श्रीपादरावांकडे. त्यांचा चेहरा निर्विकार होता. खालून गिऱ्हाइकाशी घासाघीस करणाऱ्या दुकानदाराचा आवाज येत होता.

"बाकीच्यांना पटतंय का?" अखेर त्यांनी विचारले.

मंदाताई पुढे वाकल्या. "मासे कुठले? माती आहे. टोपलीत माती होती. ते पुढचं 'होती' बघ ना. मनातलं वाचते ही, पानावरचं नाही."

"माती?" शांताताईंनी पुन्हा पाहिले. "माती कशाला नेईल कोणी नदीपार?"

"ते पुढच्या पानावर असेल," श्रीपादराव म्हणाले. मग पुढच्या पानासाठी अशी झटापट सुरू झाली की पुस्तकाचा कोपरा दुमडला.

वर्ग सुटल्यावर गरिमा दाराशी रेंगाळली. "सर, सच बताऊँ? शांताताई चुकल्या ना, तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिले. तुम्ही टोकता की नाही ते बघत होते. आपने टोका ही नहीं. मला वाटलं, तक्रार खरीच आहे."

"मी टोकलं असतं, तर मंदाताईंनी पानात डोकं घातलं असतं का?"

"तेच तर." ती ओढणी सावरत म्हणाली. "वर्ग तुमच्याकडेच राहील. बाकीच्या शिक्षकांनाही ही रीत दाखवा, असं मी वर सांगते. तुम्ही नाही म्हणू नका."

"बघू," श्रीपादराव म्हणाले. जिन्यावरील तिची पावले विरेपर्यंत ते दाराची चौकट धरून उभे होते.

शांताताई खिडक्या लावण्यासाठी मागे थांबल्या होत्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"गेली?"

"गेली."

"मी मासे म्हणाले तेव्हा जीव घशाशी आला असेल तुमचा."

"मला काय कळणार, बाई, मासे की माती."

शांताताईंनी स्टूल ओढून घेतले, तेच पुस्तक त्यांच्यापुढे पसरले आणि त्यांच्या उजव्या हाताचे बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवले.

"घाई नका करू, सर. मेंदूच्या झटक्यानं वाचणं नेलं, लिहिणं तर ठेवलंय ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, हातानं गिरवत राहिलं की डोळ्यालाही ओळख पटेल. चला, हे कोणतं?"

श्रीपादरावांनी त्या रेषांवरून सावकाश बोट फिरवले. मग पुन्हा एकदा फिरवले. काल हे अक्षर त्यांना आले होते.