तलफेची लस

"आत्या, देवाला आज सुट्टी का?" सून रेश्मानं उंबऱ्यातून विचारलं, तेव्हा हौसाक्का चमकल्या. अंधार दाटून आला होता आणि तुळशीपुढं दिवा नव्हता.

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिन्हीसांजेला त्यांचा जीव कासावीस व्हायचा आणि दिवा लावला की थाऱ्यावर यायचा. आज आत काहीच हललं नव्हतं. मशेरीची तलफ मारायची लस गेल्याच आठवड्यात घेतली होती. डबा फळीवर पडून होता, त्याचीही आठवण येत नव्हती.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"होतं एखाद्याचं असं," बाई म्हणाल्या. "मेंदूत ओढीची वाट एकच असते, अक्का. मशेरी कुठली नि दिवा कुठला, हे लशीला कळत नाही. उतारा आहे, पण त्यानं दोन्ही परत येतील."

"म्हणजे इतकी वर्षं मी भक्ती केली, का नुसती तलफ भागवली?"

"ते मला नाही सांगता यायचं."

हौसाक्कांनी अंधारातल्या तुळशीकडं पाहिलं.

"मग उतारा राहू दे. मलाच बघायचंय."

गुडघे धरत त्या उठल्या. वात वळली, तेल घातलं, दिवा लावला. आत काहीच झालं नाही. तरी त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"उद्या येते," त्या तुळशीला म्हणाल्या. आजवर असं सांगायची कधी गरजच पडली नव्हती.