कच्चा जोड

हिरामणनं तो जोड पुन्हा तोडायला घेतला. चहा घेऊन आलेली बायजा गोठ्याच्या दारातच थांबली.

"आता काय झालं, भावोजी?"

"कच्चा हाय."

"परवाचा पण कच्चाच होता."

"हा बी तसलाच निघाला. काय करू?"

बैल केव्हाच बाहेर आंब्याखाली गेले होते. गोठ्यात आता ट्रेलर उभा होता. लष्कराच्या मोडीतला आस, दोन रबरी टायर आणि वर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. हिरामण कर्जतच्या रेल्वे शेडात कामाला. लोखंड जोडण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मिस्त्रीच्या हातापाया पडून त्यानं वेल्डिंगचं सामान घरी आणलं होतं. आणि अशा माणसाचे जोड एकामागून एक कच्चे निघावेत? आता काय म्हणावं या कर्माला!

गाड्याची कल्पना मूळ त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे बायजाच्या नवऱ्याची. भिवाजी लढाईत मोटार चालवायला गेला, तेव्हा सांगून गेला होता, "मी आलो की जुनी मोटार घेऊ. मागं जोडायला गाडा तू करून ठेव. खालापूरकडचं गवत कर्जतच्या ठेसनावर घालायचं आन् राजासारखं जगायचं." मोटार येईस्तोवर बैल जुंपायचे, असंही ठरलं होतं. लढाई सरली. कोंडाण्यापासून नेरळपर्यंत गावोगावचे शिपाई ट्रंका घेऊन घरी आले. भिवाजी मात्र आला नाही.

हिरामण आस आणायला मुंबईला निघाला, तेव्हा बायजानं बजावलं होतं, लष्कराच्या कचेरीत विचारल्याबिगर परत येऊ नका. तो आला, आस अंगणात टाकला आणि त्याच्यावरच बसला.

"विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

"बोटी मागं पडल्यात म्हणे. लांबचा मुलूख, वैनी."

बायजाला तेवढं पुरलं. गाडा झाला की त्यांना ठेसनावरून त्यातूनच घरी आणायचं, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. हिरामण पाणी प्यायला आत गेला.

त्याच आठवड्यात ठिणगी उडून त्याची अर्धी मिशी जळाली म्हणे. उरलेली त्यानं न्हाव्याकडून काढून घेतली. शेजारची सोमी पोट धरून हसली. "अरं, आता तुला पोरगी कोण देईल?" एरवी शेरास सव्वाशेर असलेला हिरामण नुसता मान खाली घालून कानस घाशीत राहिला.

डोळ्यांचं तर विचारूच नका. लालभडक आणि सारखे पाणावलेले. त्याची आई, म्हणजे बायजाची सासू चंद्राबाई, रोज त्याच्या डोळ्यांवर दुधाची घडी ठेवी आणि करवादे, "काळा चष्मा लावत जा रं, मेल्या!" एक दिवस त्यानं आग पेटवलीच नाही, फक्त रंग दिला. तरी संध्याकाळी डोळे तसेच. रंगाचा वास बाधला, म्हणाला.

आणि आज पुन्हा हा जोड. बायजा चहा ठेवून तिथंच बसली. घणावर घण पडत होते, पण तो कच्चा जोड काही केल्या सुटेना. हिरामण घामानं निथळला होता.

"भावोजी, देवाशपथ सांगा. खरंच कच्चा हाय?"

घण खाली आला.

"देवाला कशाला मधी आणता, वैनी?"

बायजाला रडूच फुटलं. रागवावं तर दीर, आणि भांडावं तर कुणाशी? लोखंड जोडणं तिच्या हातात नव्हतं, बोट हाकणं तर त्याहून नव्हतं. तिच्या हाती नुसतं बघत बसणं तेवढं होतं. हिरामणनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिच्यासाठी त्यालाही काहीच करता येत नव्हतं.

अखेर चंद्राबाईनंच निकाल लावला. "पाडव्याला गाडा भायेर निघाला पायजे. कच्चा असो का पक्का."

"आये, थोडं थांब."

"किती थांबायचं? माझा भिवा आला, तर त्याला काय सांगू? तुझ्या भावाच्यानं साधा गाडा झाला नाय म्हणून?"

त्याच रात्री हिरामणनं जोड पक्का केला.

पाडव्याला आळीतल्या बायका अंगणात जमल्या. गाडा हिरवागार रंगून बाहेर उभा होता, टायरांना झेंडूच्या माळा. बायजानं लग्नातलं लुगडं नेसलं होतं, हातभर चुडा भरला होता. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. सोमीनं कोपरखळी मारली, "नवरा आजच यायचा हाय जणू!"

"येतील की. आता गाडा झालाय."

हिरामण नारळ घेऊन चाकापाशी उभा राहिला. चंद्राबाई मागं तुळशीपाशी थांबली होती. नवरा गेल्यापासून ती कुठल्याच नव्या वस्तूला पहिला हात लावत नसे.

"पुढं हो गं, बायजा," ती म्हणाली. "घरात सवाष्ण तू एकटी. पहिलं कुंकू तुझ्या हातचं."

बायजानं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि चाकाकडं वाकली.

"वैनी, थांबा."

हिरामणनं नारळ खाली ठेवला. बायजाच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिच्याकडं न बघता सोमीपुढं धरलं.

"सोमीवैनी, तुमी लावा."