आजचा दिवस जाऊ दे

झडपेच्या दांड्यावर दुसरी वीट ठेवली तेव्हा कुठे बॉयलरचं फुसफुसणं थांबलं. मिस्त्रीने घाम पुसला आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टीला टेकला होता.

वाफ जास्त झाली की ती बाहेर सोडायची, एवढंच त्या झडपेचं काम. पण झडप झिजली होती. भलत्या वेळी वाफ सोडायची, पलीकडच्या खोलीत इस्त्र्या थंडावायच्या आणि दवाखान्याच्या चादरी तशाच पडून राहायच्या. बदलायची तर धुलाईघर दोन दिवस बंद. ‘आजचा दिवस जाऊ दे’ म्हणत मिस्त्रीने झडप दाबून धरायला पहिली वीट ठेवली, त्याला बारा दिवस झाले. बारा दिवस सगळं बिनबोभाट चाललं होतं. चादरी वेळेवर, मालक खूश, इस्त्री करणाऱ्या बायका तासभर आधी घरी. ‘वाफोबा पावला गं बाई,’ म्हणून त्या त्याला चिडवायच्या. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडायचं.

आज मात्र त्याचा जीव खालीवर होत होता. काट्यापासून दारापर्यंत, दारापासून काट्यापर्यंत त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. शेवटी तो इस्त्रीच्या खोलीत गेला. त्याची बायको भिंतीलगतच्या टेबलाशी उभी होती. भिंतीपलीकडेच बॉयलर.

“अगं, जरा मागच्या आवारात जाऊन बस.”

“आत्ता? निम्मा ढीग बाकी आहे अजून.”

“राहू दे तो. मी सांगेपर्यंत आत येऊ नकोस.”

“अहो, बरं नाही का वाटत तुम्हाला?”

“जा म्हणतो ना!”

चारचौघांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या.

“जा गं, जा. वाफोबाला बायकोची माया आलीय!” एकीने म्हटलं आणि सगळ्या खिदळल्या.

ती हसली नाही. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या भिंतीकडे. इस्त्री बाजूला ठेवून ती दारापर्यंत गेली. तेवढ्यात सगळ्यांत थोरल्या मावशी आपलं स्टूल ओढत तिच्या टेबलाशी आल्या.

“तू बस निवांत. तुझा ढीग मी उरकते,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या.

दारात ती थांबली. वळून, अगदी हळू आवाजात तिने नवऱ्याला विचारलं,

“मी एकटीच जाऊ?”