नव्या प्रेसचं ‘थांब’

तात्यासाहेबांनी शर्टाची बाही वर सारली आणि मेघाची नजर नव्या प्रेसच्या चाकावर गेली.

वाळूजच्या त्यांच्या कारखान्यात पत्रा दाबून आकार देणारी नवी प्रेस बघायला पुण्याची गिऱ्हाइकं आली होती. मशीन भरवशाचं आहे हे तात्यासाहेब तोंडानं सांगत नसत, खाली येणाऱ्या प्रेसखाली स्वतःचा हात घालून दाखवत. प्रेसच्या तोंडाशी सोडलेल्या प्रकाशकिरणांत हात आला की जुनी प्रेस जागीच थांबायची. वडिलांपासूनची रीत. हौस दांडगी, दुसरं काय!

नव्या प्रेसचा प्रोग्राम मेघाचा. जुनी प्रेस आई, नवी तिची लेक, असा तिनं तो लिहिला होता. हुकूम तेच: चालू, खाली, वर, थांब. लेकीसाठी वेगळं लिहिलं नाही ते आईचं आपसूक येतं. बाकीचं मेघानं नव्यानं लिहिलं, ‘थांब’ तेवढं आईचंच राहिलं. हे तिला आठवलं कधी, तर आत्ता! जुनी तेलाच्या दाबावर चालायची, मोटर बंद की थांबली. नवीला भलंमोठं चाक. मोटर बंद केली तरी ते फिरतच राहणार, त्याला ब्रेक लावायला हवा. तो हुकूम प्रोग्राममध्ये कुठंच नव्हता.

शेजारी तिचे वरिष्ठ शिवराज सर उभे होते. चाचणी त्यांनीच पुढं ढकलली होती. मेघानं त्यांच्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी मानही वळवली नाही.

“गिऱ्हाइकासमोर नाय. ते गेल्यावर बघू.”

गेल्यावर काय बघणार, कप्पाळ!

ऑपरेटर कडुबानं बटणावर बोट ठेवलं. तात्यासाहेब पुढं झाले. मेघानं पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि त्यांच्या आडवी गेली.

“साहेब, आधी नारळ.”

तात्यासाहेबांच्या कपाळावर आठी चढली. पण पाहुण्यांदेखत काय बोलणार? ते बाजूला झाले. मेघानं नारळ प्रेसखाली ठेवला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि कडुबाला खूण केली. प्रेस खाली निघाली तसा तिनं झाडूचा दांडा किरणांत धरला.

लाल दिवा लागला. मोटरचा आवाज बंद पडला. प्रेस मात्र खाली आलीच. नारळाचा पार भुगा झाला, पाणी पाहुण्यांच्या बुटांवर उडालं.

शिवराज सर खाली बघत राहिले.

“चूक माझी आहे साहेब,” मेघा म्हणाली. “‘थांब’ मी जुनीचंच ठेवलं.”

तात्यासाहेबांनी बाही खाली ओढली. मनगटावरचं बटण काही केल्या लागेना.

“माझी रीतबी जुनीच व्हती पोरी,” ते म्हणाले आणि हात तिच्यापुढं धरला. “लाव एवढं.”

बटण तिलाही दुसऱ्या खेपेला लागलं.